टेकडी कुणाची?

बुरुजाच्या टेकडीवर इमारती नकोत म्हणून घसा फोडणारी अख्खी आळी बिल्डरने फ्लॅट देऊन गप्प केली. उरल्या एकट्या शिवणकामवाल्या काकू. लेकानेही हात टेकले; फोनवर म्हणाला, "आई, आता पुरे कर."

तरी रोज संध्याकाळी काकू बुरुजापाशी जाऊन सवयीने ओरडायच्या, "टेकडी कुणाची?"

एकदा पायाखालच्या मातीतून कितीतरी गळ्यांनी उत्तर दिलं, "आमची!"

काकू घाबरल्या नाहीत. साथीला कुणीतरी आहे, एवढंच त्यांना पुरलं.

आज मात्र त्यांचा घसा बसला होता. त्या बुरुजाला टेकून नुसत्याच बसल्या.

मातीतून कुणीतरी हळूच विचारलं, "काकू कुणाची?"

काकूंनी आशेने खाली आळीकडे पाहिलं. तिथून कुणीच काही बोललं नाही.

"आमची!" अगदी कानाशी.