पहिल्या आंघोळीचा मान

लोरेन लाकडी टबात न्हाऊन बाहेर आली, तर दारात अख्खं घर पंचे घेऊन उभं! महायुद्ध नुकतंच संपलेलं. अमेरिकन लष्करातल्या नवऱ्यासोबत ती या जपानी घरात भाड्यानं राहायला आली, त्याची ही पहिली संध्याकाळ. म्हणून घरमालकीण तोमेआजीनं पहिल्या आंघोळीचा मान तिला दिला होता. लोरेननं टबातच साबण फेसला आणि निघताना बूच उपसून सगळं पाणी सोडून दिलं.

"अगं, ते पाणी साऱ्या घराचं होतं!" नवऱ्यानं कपाळावर हात मारला. "अंग बाहेर धुवायचं, टबात नुसतं डुंबायचं. सरपण कुठं मिळतंय इथं?"

लोरेनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी पाणी तापलं, पण ती खोलीतून हलेना. आणि पाहुणीच्या आधी घरातलं कुणी न्हाईना. पाणी निवायला लागलं तशी तोमेआजी तरातरा आली. हाताला धरून तिला न्हाणीघरात नेलं, टबाबाहेर बसवून आधी तिचं, मग स्वतःचं अंग खसाखसा घासलं आणि आत उतरायची खूण केली.

लोरेन हसत टबात उतरली. पाठोपाठ आजीही उतरली, आणि थेट बुचावर जाऊन बसली.