तिसरं बटण

"मामा, सिंथेसायझरची ही खोकी आणि वायरींचं जंजाळ आता विकून टाक," भाचा म्हणाला. "या खोक्यांसारखी सगळी मॉड्यूल्स माझ्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. आवाज हुबेहूब! आणि सगळं मी शून्यातून बनवलंय."

मामाने नाक मुरडतच हेडफोन चढवला. आवाज खरोखर तंतोतंत होता. पण पडद्यावरचं तिसरं बटण फिरवताच बारीक खरखर आली आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ही खरखर कुठून आली रे?"

"अस्सल वाटावं म्हणून मीच घातलीय."

"तू? गधड्या, खऱ्या खोक्याच्या तिसऱ्या बटणावर माझ्या हातून चहा सांडला होता. ही खरखर जगात एकाच मॉड्यूलला आहे, आणि साफ करून आणतो म्हणून ते महिनाभर तूच घेऊन गेला होतास!"