कासवाची झोप

उदयच्या बंद खोलीपाशी बसलेलं कासव मालिनीबाईंनी उचललं. त्याची नखं आणखी झिजली होती.

"रात्रभर दार खरवडत होतं. पूर्वी अंधार पडला की मान आत घेऊन गप्प झोपायचं बिचारं."

"मला मात्र छान झोप लागली," दिगंबरराव मनगटावरचा पट्टा चाचपत म्हणाले. मुलगा गेल्यापासून तेच रात्रभर त्या दाराशी बसत. शेवटी डॉक्टरांनी या पट्ट्यातून कासवाची झोप त्यांना दिली आणि त्यांचं जागरण कासवाला.

"आज उदयचं वर्षश्राद्ध. रडू येत नाही तुम्हाला?"

दिगंबररावांनी बराच वेळ रडू येण्याची वाट पाहिली. "नाही गं."

"मग द्या तो पट्टा. झोपू द्या कासवाला."

दिगंबररावांनी हात हळूच शालीत ओढून घेतला, मग मानही.