मागे उभं राहायचं काम

किल्ली टिनेकाच्या खिशात होती आणि हार्मेन ती गाडीभर शोधत होता. गादीखाली पाहून झालं, शेगडीच्या मागे पाहून झालं, बुटांची पेटीसुद्धा उपडी केली.

"तू घेतलीस का?"

"घेतली. आज मी चालवणार आहे."

हार्मेन कमरेवर हात ठेवून सरळ उभा राहिला. "सात मीटरची गाडी आहे ही, टिने. तुझी सायकल नव्हे."

बावीस उन्हाळे ही कॅम्परव्हॅन त्यानंच चालवली होती. गावोगावचे जुने किल्ले, समुद्रकाठ, सगळीकडे तोच स्टिअरिंगवर आणि ती मागे उभी. गाडी मागे घेताना कुणीतरी उतरून हात दाखवायचा असतो, ते काम टिनेकाचं. पंजा हलला की ये, मूठ वळली की थांब. ओरडायचं नाही, हार्मेनला ओरडलेलं खपत नसे.

फ्रान्समधल्या त्या कॅम्पिंगच्या तळावर, पलीकडच्या जागेत, बेल्जियमचा लुडो कॉफीचा मग घेऊन खुर्चीत पसरला होता. "द्या हो किल्ली त्यांना!" तो म्हणाला. "काल बायकोला डिझेलच्या पंपावर विसरून आलेला माणूस तुम्ही. तुमचा काय भरवसा?"

"मला वाटलं, ती मागे झोपलीय," हार्मेन म्हणाला.

"मीही असंच सांगतो. दोनदा विसरलो हिला. पण आमची बया टॅक्सी करून माझ्या आधी पोचते!"

आजूबाजूचे सगळे हसले. टिनेकाही हसली, कारण हा विनोद तिनंच काल संध्याकाळी पसरवला होता. कॅम्परवाल्यांत असा एकतरी किस्सा प्रत्येकाच्या घरात असतोच, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. पंपावरून टॅक्सी करून ती तळावर आली, तेव्हा उतरल्यावर तिनं काय पाहिलं, ते मात्र तिनं सांगितलं नव्हतं. हार्मेननं गाडीबाहेर टेबल मांडलं होतं. व्यवस्थित, चादर वगैरे घालून. त्यावर एकच ताट होतं, आणि टेबलाशी एकच खुर्ची.

काल रात्री तिनं फोन उचलून परत ठेवला होता. लेकीला फोन केला असता, तर ती धावत विमानानं आली असती, आणि पुढचं सगळं तिनं आणि डॉक्टरांनी मिळून ठरवलं असतं. ठरणार तर होतंच. पण घरापर्यंतचे दोन दिवस टिनेकाला हवे होते. हार्मेन शेजारी बसलेला, मांडीवर नकाशा, आणि तिच्या चालवण्याला नावं ठेवतोय. बाकी तिचं काही मागणं नव्हतं.

"काल काय झालं, आठवतं ना तुला?" तिनं हळूच विचारलं.

"न आठवायला काय झालं? एकसष्ट लिटर डिझेल भरलं. मागच्या टायरमध्ये हवा कमी होती." मग तो जरा घुटमळला. "आज पुढच्या गावी, काँकार्नोला जायचं ना?"

"हो," ती खोटं बोलली. गाडी ती घराकडे वळवणार होती.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग समुद्राकडे, सें-मालो गावाच्या जुन्या तटबंदीकडे पाहिलं. काय मनात आलं कोण जाणे, पण त्यानं हट्ट सोडला.

"बरं. पण मागे घेताना मी सांगेन तसंच. अक्कल चालवायची नाही."

त्यानं विजेची वायर काढून गुंडाळली, चाकांखालच्या पिवळ्या पाचरी ओढून घेतल्या, पायरी आत ढकलली. एकही गोष्ट विसरला नाही. मग तो मागे जाऊन उभा राहिला. टिनेका स्टिअरिंगवर बसली. सीट इतकी मागे होती की तिचे पाय पोचेनात. ती पुढे ओढताना तिला उगीचच अपराध्यासारखं वाटलं.

आरशात हार्मेन दिसत होता. त्याचा पंजा हलला. ये. आणखी ये. डावीकडे, कुंपण सांभाळ. बावीस वर्षं तिनं केलेल्या खुणा तो जशाच्या तशा करत होता. त्याच खुणा, तोच ठहराव. याला सगळं येतंय, तिच्या मनात आलं, आपणच उगाच धसका घेतला. मूठ वळली. ती थांबली. गाडी वाटेवर अगदी सरळ, फाटकाकडे तोंड करून उभी होती.

"शाबास!" लुडो ओरडला.

टिनेकाला हसू फुटलं. ती पलीकडे वाकली आणि शेजारच्या सीटचं दार हार्मेनसाठी आतून उघडून दिलं. नकाशा सीटवरच होता, तो तिनं उचलून धरला.

हार्मेन त्या दाराकडे आला नाही. तो तिच्या बाजूला आला आणि काचेवर बोट वाजवलं. तिनं काच खाली केली. त्याचा चेहरा प्रसन्न होता. वाटेत भेटलेल्या माणसांशी तो नेहमी असाच आदबीनं बोलत असे.

"एकट्याच निघालात? हात चांगला बसलाय हो तुमचा. जपून जा, बाई."

लुडो खुर्चीत खो खो हसत सुटला. "काय माणूस आहे!"

हार्मेननं गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. कुणी निघालं की शेजारी तशा मारतात. मग दोन पावलं मागे सरकून तो हात हलवू लागला. गाडी जागची हलली नव्हती, तरी तो हात हलवतच राहिला.