दुसरा फोटो

नागुबाईचा गुडघा उघडा होता आणि ती पूर्ण जागी होती. कमरेत इंजेक्शन दिल्यामुळे पाय आपला वाटत नव्हता, एवढंच. मध्ये हिरवा पडदा. पलीकडे डॉक्टर सडेकर खुशीत होते.

वडगावात हातमागाच्या, पाय सोडून बसायच्या खड्ड्यातून वर येताना तिचा पाय मुरगळला आणि गुडघ्याची हाडं बांधून ठेवणारा पांढरा पट्टा, लिगामेंट, तुटला. डॉक्टरांनी तो सुरेख शिवला. मग त्यावर शाईचे दोन ठिपके दिले. पाय सरळ असताना एक फोटो, वाकवल्यावर दुसरा. ठिपक्यांमधलं अंतर किती वाढलं ते मोजलं की पट्टा किती ताणला जातो ते कळणार. पुण्याला डॉक्टरांच्या अधिवेशनात त्यांना हेच दाखवायचं होतं.

सकाळी नागुबाईनं एकच विचारलं होतं, "आत कोन कोन असतंय?"

"मी आणि सिस्टर. परका माणूस कुणी नाही," डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. फोटोवाला त्यांच्या लेखी माणसांत धरण्यासारखा नव्हता.

तो आता टोपी-मास्क घालून, मांडीपर्यंत उघड्या पायावर वाकला होता.

"हलू नका हं. रेडी," तो सवयीनं म्हणाला. फ्लॅश उडाला.

पडद्यामागून आवाज आला, "मारुतीराव?"

मारुतीरावांचा कॅमेरा खाली आला. गुडघा कुणाचा हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"डॉक्टर, ह्या आमच्या गल्लीतल्या हायत हो," ते पुटपुटले.

डॉक्टरांचे कान तापले. सकाळचं आपलं बोलणं आठवून त्यांना लाज वाटली. दुसरा फोटो नसेल तर पहिला फुकट, हेही त्याच वेळी मनात आलं, त्याची तर जास्तच लाज वाटली. तरी हातांनी गुडघा वाकवलाच.

"एकच, नागुबाई. मग झालं."

सिस्टरनं पडद्यापलीकडे डोकावून पाहिलं. नागुबाईचा हात खांद्यावर काहीतरी चाचपडत होता. दवाखान्याच्या गाऊनला पदर नव्हता.

"मारुतीराव, माज्या लग्नात फोटो काडताना तुमीच म्हनलासा, पदर नीट घ्या," ती म्हणाली. "आता काय घेऊ, सांगा."

डॉक्टर गुडघा वाकवून धरून उभे होते. दोन्ही ठिपके स्पष्ट दिसत होते. फ्लॅश काही उडाला नाही.