टेकडीवरचं गवत

लंडनच्या प्रदर्शनाला पाठवायची चित्रं निवडण्याचं काम टास्मानियातल्या होबार्टच्या समितीने बिडलसाहेबांवर सोपवलं होतं. ते थमसिनच्या घरी, खिडकीतून दिसणाऱ्या टेकडीच्या तिच्या चित्रासमोर नाक मुरडत उभे होते. आल्या आल्या त्यांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला होता. इथे येऊन डोक्यावरचे केस गेले, तरी इथलं ऊन काही त्यांना सोसेना.

"बाकी सुरेख आहे हो," ते म्हणाले, "पण गवत पिवळं कशाला?"

"जानेवारीत, ऐन उन्हाळ्यात, ते पिवळंच असतं."

"असेल ना. पण लंडनचे लोक म्हणतील, टास्मानियात दुष्काळ पडलाय. मग इकडे यायला बोटीत बसणार कोण? गवत कसं हिरवंगार हवं. आमच्या इंग्लंडातल्या केंटसारखं."

थमसिनने केंट पाहिलं नव्हतं. ती जन्मली ह्याच टेकडीच्या पायथ्याशी. त्या गवताचा रंग पकडण्यात तिचा अख्खा उन्हाळा गेला होता. पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचा, पुन्हा द्यायचा. लंडनच्या भिंतीवर आपलं एक चित्र लागावं आणि त्यावर आपलं नाव असावं, एवढीच तिची हौस. आणि ती ह्या टोणग्याच्या हातात.

"हिरवं केलं नाहीत तर पेटीत जागा नाही, बाईसाहेब. बोट उद्या सुटतेय."

"मला नाही जमायचं. तुम्हीच करा," ती म्हणाली आणि तिने ब्रश पुढे केला.

तिला वाटलं, ओशाळेल. ओशाळतोय कसला! साहेबांनी बाह्या सारल्या, ब्रश हिरव्या रंगात बचकन बुडवला आणि टेकडीवर फासला. रंग ओघळून खालच्या मेंढ्याही हिरव्या झाल्या. साहेब मागे सरून कौतुकाने बघत राहिले.

"आता कशी जान आली बघा."

थमसिनला संताप आला, आणि त्याच्यामागून नुसती किळस. तिने ओला स्पंज घेऊन कोपऱ्यातलं आपलं नाव पुसून टाकलं. जलरंगातलंच ते, दोनदा हात फिरवताच गेलं. ओल टिपून तिने त्या जागी सुबक अक्षरांत लिहिलं, 'एडविन बिडल'.

"अहो, हे काय?"

"तुमचं गवत माझ्या नावावर कशाला?"

साहेब गहिवरले.

"फार मोठं मन हो तुमचं," ते म्हणाले. आणि वाकून, गाल फुगवून, आपल्या नावावर हलके हलके फुंकर घालू लागले.