काळीचा तांबडा बोका

"हा बोका काळीचा न्हाई, माय."

स्नेहल तुरीच्या पोत्यांमागं वाकून बसली होती. तिथं काळी मांजर पिल्लांना पाजत होती. बाकीची सगळी आईसारखी काळीकुट्ट. एकटाच तांबडा, पोटाशी घुसून सगळ्यांच्या आधी पिणारा.

भाकरी थापणारा अंबिकाचा हात थांबला. "बाप तांबडा असंल की."

"असू दे. बोक्याला तांबडा रंग आईकडूनच येतो. बापाचा त्यात काही संबंध न्हाई. काळीच्या पोटी तांबडा बोका होतच न्हाई, कालच कॉलेजात शिकवलंय." स्नेहल हसली. "कुणीतरी आणून घातलंय."

कुणीतरी म्हणजे अंबिकानंच. पिल्लू गिरणीमागं केकाटत होतं. आई मेलेलं करडू दुसऱ्या शेळीला लावताना अंगाला मीठ चोळतात. चाटता चाटता ती त्याला आपलं म्हणते. अंबिकानं मिठाऐवजी साय चोळली होती, एवढंच. काळीनं चाटलं आणि पोटाशी ओढून घेतलं.

तव्यावरची भाकरी करपली. स्नेहलही अंबिकाच्या पोटची नव्हती. पोरीच्या कानावर कुणी काही घालू नये म्हणून तर नवरा-बायकोनं मेहकर सोडून आळंद गाठलं होतं. सोयऱ्यांकडचं जाणं-येणं बंद केलं होतं. लग्नाकार्यालाही नाही. आणि आता हे कॉलेज मध्येच उपटलं. आज मांजराचा रंग, उद्या माणसाचं नाक, डोळे.

नवऱ्याला, नरसिंगला सांगितलं, तर तो जेवता जेवता हसला. "मांजराचं पुराण हाय ते. तू कामून घाबरायलीस?"

तो धान्याच्या आडतीवर निघून गेला. अंबिकाला मात्र बसवेना. तिनं अंगण झाडलं. झाडलेलंच पुन्हा झाडलं. स्नेहल न्हाणीत शिरली, तसं तिनं तांबडं पिल्लू उचलून पिशवीत घातलं. पिल्लूच नसलं तर विषय कुठला? बाजारात एखाद्या दुधाच्या दुकानापाशी सोडलं की झालं. काळी ओरडत दारापर्यंत मागं आली.

"कुठं न्यायलीस त्याला?"

स्नेहल मागं उभी होती. केसांतून पाणी गळत होतं.

"सोडून येते बाजारात. आपलं न्हाई तर उगं कशाला…" अंबिकानं पिशवीचं तोंड आवळलं.

स्नेहलनं पिशवी हिसकावली नाही. नुसती धरून ठेवली.

"आणलेलं हाय हे कळलं, की सोडून येतीस व्हय?" ती म्हणाली. "म्हणून तर माय, मला कळलेलं मी तुला कधी कळू दिलं न्हाई."